चाटली तरी चालेल अशी पेटी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या रूपालीने खाटेचा पाय चाटला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

वेळ इतकी नेमकी कशी, तर माझ्याकडे वही आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतेच.

कॉलनीच्या नळावर बायका जमल्या की अजून म्हणतात, तो तेलाचा किस्सा सांग, तो भेंडीचा सांग. पोरीसाठी खेळण्यांची एक लाकडी पेटी करून घ्यायची म्हणून मी काशिनाथ मिस्त्रींच्या शेडमध्ये जात राहिले, ती चार महिने. एवढ्यात किती किस्से व्हावेत? पण सुताराच्या शेडमध्ये असंच होतं. त्याचं लक्ष फळीवर असतं आणि खाली सालपटं पडत राहतात. कधीतरी बघावं तर घोट्यापर्यंत ढीग. मी सांगत गेले, बायका हसत गेल्या. शेवटचा तेवढा कुणाला सांगितला नाही. आता आपल्या महिला मंडळाच्या हस्तलिखितासाठी चार पानं मागितलीत, तर तोही लिहून टाकते. हसण्यासारखं आहे तिथे खुशाल हसा.

*

रूपाली तेव्हा तीन वर्षांची होती. कुठलीही वस्तू हातात आली की आधी हुंगायची, मग चाटायची. पाटीवरची पेन्सिल, दाराची कडी, भिंतीचा चुना, बाहुलीचा पाय. माझा जीव सारखा टांगणीला. सातपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आठवडाभर ती काय काय तोंडात घालते ते लिहून आणा.

मी सातवीपर्यंतच शिकले, पण अक्षर बरं आहे. दोनशे पानी वही आणली आणि घड्याळ बघून लिहायला लागले. आठ पाच, पेन्सिल. आठ वीस, भिंत, दाराजवळची. आठ पस्तीस, पप्पांच्या डब्याचं झाकण. नऊ दहा, खाटेचा पाय, डावीकडचा. मंगळवारी खाटेपर्यंत मजल गेलेली बघून मी आठवडा पुरा व्हायची वाट बघितली नाही. वही घेतली, पोरगी कडेवर घेतली आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी सगळी पानं वाचली. शांतपणे. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, यात पोरगी जेवल्याचं कुठेच नाही."

खरंच नव्हतं. म्हणजे जेवत होती, मी लिहिलं नव्हतं.

त्यांनी रूपालीला टॉनिक दिलं, आणि मला म्हणाले की तुम्ही दुपारची थोडी झोप घेत जा.

*

पेटीची कल्पना रूपालीच्या पप्पांची. ते सातपूरला कारखान्यात आहेत, तिथे स्पेअरपार्ट पेट्यांतून ठेवतात. ते म्हणाले, सगळी खेळणी एका पेटीत ठेव, म्हणजे घरभर पसरणार नाहीत आणि तिला चाटायला एकच वस्तू राहील. ते थट्टेने म्हणाले. मी ते मनावर घेतलं. एकच वस्तू राहणार असेल तर ती चाटली तरी चालेल अशी हवी.

नासर्डी नदीच्या पुलाअलीकडे काशिनाथ मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. मिस्त्री निफाडकडचे, साठीला आलेले. डाव्या हाताची करंगळी अर्धी, कानावर पेन्सिल. दाराच्या चौकटी, खाटा, पाळणे करायचे आणि हंगामात पिंपळगावसाठी द्राक्षांच्या पेट्या. त्यांच्या बायकोला सगळे गयामावशी म्हणायचे. पॉलिशचं काम त्यांच्याकडे. त्यांची बोटं कायम तपकिरी.

मी विचारलं, "मिस्त्री, चाटायला चालेल असं लाकूड कुठलं?"

त्यांनी करवत खाली ठेवली. म्हणाले, "वहिनी, तीस वर्सं झाली धंद्याला. वाळवी लागंल का, पाण्यानं फुगंल का, सगळे इचारतात. चव कुणी इचारली नव्हती."

पण हसले नाहीत. कोपऱ्यातून लाकडाचे तुकडे आणले, धोतराला पुसले आणि एकेक करून स्वतः चाटले. मी शेजारी वही घेऊन उभी. साग तेलकट. बाभूळ तुरट, जीभ ओढते. कडुनिंब कडू, पण वाईट नाही. शिसव जरा गोडसर. आंब्याला काहीच चव नाही, गरीब लाकूड. मी सगळं लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत.

तेवढ्यात गयामावशींनी चहा आणला. मिस्त्रींनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"गया," ते म्हणाले, "ह्यात बाभूळ घातली का?"

*

चव कळली तरी माझं ठरेना. साग चांगला, पण तेलकट म्हणजे त्यात काय असेल? कडुनिंब औषधी, पण औषधसुद्धा जास्त झालं तर? शिसव गोड, म्हणजे ती जास्तच चाटणार. मी रोज जायची, रोज एक लाकूड पक्कं करायची आणि दुसऱ्या दिवशी बदलून यायची. मिस्त्री एकदाही वैतागले नाहीत. एक दिवस मात्र म्हणाले, "वहिनी, तुम्ही नका ठरवू. उद्या तिलाच आणा."

मी आणलं. रूपाली सालपटांच्या ढिगात फतकल मारून बसली आणि तुकडे हुंगायला लागली. मिस्त्री समोर उकिडवे बसले. त्यांनी विचारलं, हा कसला वास? सागाचा तुकडा होता. रूपाली म्हणाली, "पप्पांची चप्पल." कडुनिंबाला म्हणाली, "दवाखाना." शिसवीला, "आत्याची पावडर." आंब्याला बराच वेळ हुंगून म्हणाली, "भाकरीचं पीठ."

मग मिस्त्रींनी खांद्यावरचा टॉवेल तिच्या डोळ्यांना बांधला, तुकडे अदलाबदल केले आणि एकेक नाकाशी धरला. चप्पल, पीठ, पावडर, दवाखाना. एकही चुकला नाही. बाभळीला मात्र तिने नाव दिलं नाही, तुकडा नुसता परत केला.

मिस्त्री गयामावशींना म्हणाले, "असलं नाक मला असतं, तर वखारवाल्यानं एकदा पण फसवलं नसतं."

मी काय केलं, तर पोरीला उचललं. भुसा छातीत जाईल म्हणून. तिच्या दोन्ही मुठी आवळलेल्या, चारी तुकडे हातात, सोडायला तयार नाही. घरी जाईपर्यंत तिने ते धरून ठेवले. वहीत त्या दिवसाची नोंद आहे: पाच पंचवीस, शिंका तीन.

चार लाकडांची नावं तिने ठेवली होती, ते मी लिहिलंच नाही. आज आठवतंय म्हणून बरं.

*

तर पेटी चार लाकडांची ठरली. समोरून साग, डावीकडे कडुनिंब, उजवीकडे शिसव, वरती झाकण आंब्याचं. मागची बाजू भिंतीकडे, तिथे सागच. मला त्या दिवशी खरंच आनंद झाला होता. निवडायचं ओझं डोक्यावरून उतरलं होतं.

मिस्त्रींची एक रीत होती. पाळणा असो, खुर्ची असो, लहान मुलाची वस्तू ते टेपने मापत नसत. मूल बोलवायचे. पेटीचा सांगाडा उभा झाला तसं रूपालीला आत बसवलं, पाय लांब करायला सांगितले, मांडी घालायला सांगितलं. म्हणाले, पोर मावलं की खेळणी मावतातच. पोर बाहेर यायला तयार होईना. गयामावशींनी तिला भाकरी-चटणी आतच दिली.

ते बघून मला नवीन काळजी. उद्या ही आत बसली आणि झाकण पडलं तर? श्वास? मिस्त्री म्हणाले, बाजूला चार भोकं पाडतो. मी म्हटलं चार कशी पुरतील, आठ पाडा. दुसऱ्या दिवशी जाऊन बारा सांगितली. त्यांनी गिरमिट हातात घेतलं आणि विचारलं, "वहिनी, ह्यात पोपट ठेवायचाय का?"

मग बोटांची काळजी. झाकण आपटलं तर बोटं चेमटतील. त्यावर त्यांनी समोरच्या फळीला वरून अर्धचंद्रासारखी खाच पाडली, म्हणजे झाकण बंद झालं तरी लहान हात तिथे सुखरूप राहील. मला खात्री पटेना. मी पिशवीतून एक भेंडी काढली, खाचेत ठेवली आणि झाकण सोडायला सांगितलं. भेंडीला काही झालं नाही. मी म्हटलं, आणखी एकदा. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी गयामावशींनी भेंडी उचलली आणि म्हणाल्या, "आता हिला सोडा, वहिनी. भाजीला जायचंय तिला."

*

आता तेलाचा. पेटीला लावायचं काय, यावर महिना गेला.

गयामावशी लाखेचं पॉलिश करायच्या. चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवून, कापसाच्या बोळ्याने फिरवत फिरवत. चमक अशी की तोंड दिसावं. मी विचारलं, लाख कशापासून होते? त्या म्हणाल्या, झाडावरचे किडे करतात. मी म्हटलं, मग नको. त्या बोळा फिरवता फिरवता म्हणाल्या, "आणि मध कोण करतं, तुमचे हे?"

मग मिस्त्रींनी जवसाचं तेल सुचवलं. जवस म्हणजे ज्याची आपण चटणी करतो तोच, म्हणून मला पटलं. पण त्यांच्या डब्यातलं तेल बाजारचं होतं. लवकर वाळावं म्हणून त्यात औषध घातलेलं असतं, असं त्यांच्या तोंडून निघालं आणि माझं मन उडालं. मी घाण्यावर गेले, समोर उभी राहून खायचं ताजं तेल काढून घेतलं आणि बरणी शेडमध्ये नेऊन दिली.

मिस्त्री म्हणाले, हे लवकर वाळत नसतं.

मी म्हटलं, "लवकर नाही, पण वाळतं ना?"

"वाळतं की. पोरगी शाळेत जाईपर्यंत वाळंल."

मी ऐकलं नाही. लावायला लावलं, तेही दोन हात. दिवस डिसेंबरचे, नाशिकची थंडी. आठ दिवस झाले, पंधरा झाले, पेटी आपली चिकट ती चिकट. शेडमधला सगळा भुसा तिच्यावर जाऊन बसला. द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं उडून चिकटली. रूपालीचा फ्रॉक चिकटला, तो मी ओढून काढला. एक म्हातारे गृहस्थ चौकटीचं सांगायला आले आणि बोलता बोलता डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्यांनी झाकणावर ठेवली. बिचारे टोपी न घालताच घरी गेले.

त्या संध्याकाळी मिस्त्री मला म्हणाले, "वहिनी, तेल झालंय. आता मोहरी टाका."

पण शिव्या दिल्या नाहीत की मला दोष दिला नाही. दोघं नवरा-बायको दोन दिवस बसले. भुशाने घासून वरचं तेल काढलं, फडक्यांनी पुसलं, मग पेटी रोज उन्हात काढून ठेवली आणि संध्याकाळी आत घेतली. लाकडाला जेवढं प्यायचं तेवढं ते प्यालं आणि वरून कोरडं झालं. आतून मात्र मिस्त्रींनी काहीच लावू दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, आतलं लाकूड तिचं हाय.

*

पेटी घरी आली. रूपाली तिच्याभोवती फिरायची, एकेका बाजूला नाक लावायची आणि नाव घ्यायची. चप्पल. दवाखाना. पावडर. मग दोन्ही हातांनी झाकण धरून, पीठ. चाटायचीही. मी लिहायची, पण पूर्वीसारखी काळजी वाटत नव्हती.

हे सुख नऊ दिवस टिकलं.

शेजारच्या जाधववहिनी बघायला आल्या. बाई मनाने वाईट नाही, तोंडाने सैल आहे. म्हणाल्या, "अगं, चार बाजू चार रंगांच्या? उरलेल्या तुकड्यांत उरकली की काय?" मी नाकाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. जाता जाता झाकणावर बोट ठेवून म्हणाल्या, "आंबा ना हा? आमच्या सासऱ्यांच्या वेळी सरणाला आंब्याचीच लाकडं आणली होती. तुझा मिस्त्री लाकूड आणतो त्याच वखारीतून."

आम्ही बौद्ध. शकुन-अपशकुन आमच्या घरात चालत नाहीत. माझ्या लग्नाला मुहूर्तसुद्धा बघितला नव्हता. रूपालीच्या पप्पांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, लाकडाला काय माहीत ते कुठे जाणार होतं? मलाही ते कळत होतं. पण पोरगी त्या झाकणाला जीभ लावायची आणि मी तिला मागे ओढायची. ज्या गोष्टीवर विश्वास नाही तिची भीती वाटायला लागली की कुणापुढे बोलताही येत नाही. मी मात्र बोलले, आणि नको तिथे बोलले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले. तिथे एक म्हातारी आणि तिची पोटुशी लेक पाळणा सांगायला आलेल्या. मिस्त्री त्यांना लाकूड दाखवत होते. मी दारातूनच विचारलं, "मिस्त्री, आमच्या झाकणाची फळी सरणाच्या ढिगातली आहे का?"

म्हातारीने लेकीचा हात धरला. नंतर येतो म्हणाली आणि दोघी निघून गेल्या. त्या काही परत येणार नव्हत्या, हे आम्हा तिघांनाही कळलं.

मिस्त्रींनी हातातली फळी परत ढिगावर ठेवली. मग म्हणाले, "वखार एकच हाय, वहिनी. तुमच्या घराची चौकट पण तिथलीच."

गयामावशी म्हणाल्या, चहा टाकलाय, घेऊन जा.

मी तो चहा घेतला नाही.

*

त्याच आठवड्यात कॉलनीच्या खिडक्या रंगवायला रंगारी आला होता. त्याच्याकडून पेटी रंगवून घेतली. गुलाबी ऑइलपेंट, दोन हात, एका दुपारचं काम. जवसाच्या तेलात औषध आहे म्हणून ज्या बाईने घाणा गाठला, तिने रंगाच्या डब्यावर काय लिहिलंय तेही वाचलं नाही. मला फक्त ते झाकण दिसेनासं व्हायला हवं होतं.

रंग वाळल्यावर रूपाली पेटीपाशी गेली. समोर नाक लावलं. डावीकडे लावलं, उजवीकडे लावलं. झाकणाला लावलं. पुन्हा समोर आली. मग जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं. माझ्याकडे बघितलं. रडली नाही.

वहीत आहे: चार वाजून पाच मिनिटं, पेटी, एकदा.

त्यापुढे वही कोरी आहे. पेटीही नाही, भिंतही नाही, खाटही नाही. चाटणं थांबलं आणि हुंगणंही थांबलं. जेवणाच्या ताटावर वाकून नाक न्यायची, तेसुद्धा बंद. मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. कोरी पानं बघून ते खूश झाले. बघा, वयाप्रमाणे सुटलं, म्हणाले. जाधववहिनी म्हणाल्या, आता कशी दुकानातून आणल्यासारखी दिसते. सगळ्यांनी पेटीचं कौतुक केलं. चार महिने मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं.

कॉलनीत झाकणाची गोष्ट मात्र पसरली. जाधववहिनींना दोष देत नाही, शेडच्या दारात उभी राहून मोठ्याने बोलले होते ती मीच. समोरच्या बिल्डिंगमध्ये दोघीतिघी मिस्त्रींकडून खुर्च्या करून घेणार होत्या, त्यांनी मेनरोडच्या दुकानातून लोखंडी आणल्या. शेडवरून जायची वेळ आली की मी पलीकडच्या बाजूने जायची. दीड महिना असाच गेला.

*

आता तो, कुणाला न सांगितलेला.

दुपारी तीन चाळीसला मी डोळे उघडले. डॉक्टरांनी सांगितलेली झोप त्या दिवशी खरोखर लागली होती. रूपाली शेजारी नव्हती. स्वयंपाकघरात नाही, मोरीत नाही, गॅलरीत नाही. दाराची कडी लावायची राहिलेली. खाली नळावर गेले, नाही. जाधववहिनींकडे नाही. वर येऊन पुन्हा घर बघितलं. पलीकडे नासर्डीचं पाणी डोळ्यांसमोर येत होतं.

रूपालीचे पप्पा कामावर. मी धावत सुटले ती कुठे, हे मलाच दारात पोचल्यावर कळलं. मिस्त्री रंधा मारत होते. मला फक्त "रूपाली" एवढंच म्हणता आलं.

रंधा फळीवर तसाच ठेवून ते निघाले. मी म्हटलं, नदीकडे जाऊ. ते म्हणाले, "जाऊ. आधी घर."

मी दोनदा बघितलेलं घर त्यांनी दारातून एकदाच बघितलं. पेटीशेजारी जमिनीवर खेळण्यांचा ढीग पडला होता. बाहुली, चूल-बोळकी, चेंडू, सगळी खेळणी. तो ढीग मी दोनदा ओलांडला होता. पसारा बघून वैताग आलेलाही आठवतोय.

मिस्त्री पेटीसमोर उकिडवे बसले. डावीकडच्या बारा भोकांपाशी तोंड नेलं आणि हळूच, दारावर टकटक करावी तसं विचारलं, "रूपाबाई, कुणाजवळ बसलात?"

मग आतून आवाज आला, "पप्पांच्या चपलेजवळ."

त्यांनी खाचेत बोटं घालून झाकण उचललं. पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, नाक समोरच्या फळीला टेकलेलं, घामाने भिजलेली. आत रंग नव्हता. रंगाऱ्याने बाहेरूनच मारला होता, आणि आत बघायचं मला सुचलं नव्हतं. मिस्त्रींनी आत हात घालून कोऱ्या लाकडावर तळवा टेकवला. रूपालीने तो हात हुंगला. म्हणाली, "शेड."

मग पोरीला उचलून माझ्याकडे दिली आणि ते उठले. गुलाबी झाकण मिटवलं, त्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "रंग एकसारखा बसलाय."

मी तोंड उघडलं. इतक्या दिवसांचं सगळं सांगायचं होतं. बाहेर पडलं ते एवढंच, "चहा घेता का, मिस्त्री?"

"नको वहिनी," ते म्हणाले. "काम टाकून आलोय."

आठ दिवसांनी हिंमत करून शेडवर गेले, तर पत्रे काढून नेलेले. रस्ता रुंद होणार होता म्हणे. असेलही. खाली सालपटं तेवढी पडली होती.

*

याला तीन वर्षं होत आली. रूपाली आता पहिलीत जाते. मिस्त्री जुनी दारं काचेच्या तुकड्याने खरवडायचे, ते बघितलेलं होतं, तसं मी दिवाळीपासून पेटी खरवडायला घेतलीय. साग निघाला. कडुनिंब निघाला, शिसव निघाली. रूपाली शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तिथे जाते. झाकण मी अजून खरवडलेलं नाही. ते त्यांच्यासमोर खरवडायचं आहे.

कुणी म्हणतं मिस्त्री पिंपळगावला द्राक्षांच्या पेट्या करतात, कुणी म्हणतं लासलगावला बघितले. तुमच्यापैकी कुणाचं माहेर तिकडे असेल, कुणाचा भाऊ टेम्पो घेऊन जात असेल, तर त्याला सांगून ठेवा. डाव्या हाताची करंगळी अर्धी, कानावर पेन्सिल. सोबत बायको, गयाबाई, तिची बोटं तपकिरी. भेटले तर एवढा निरोप द्या, की नासर्डीच्या वहिनीने झाकण ठेवलंय. आणि सांगा, तेल या खेपेला मी आणणार नाही.